लोकप्रशासनात पीएच.डी.: पात्रतेपासून मौखिक परीक्षेपर्यंत

एम.ए.ला त्रेपन्न टक्के आहेत, चालतील का? नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालेली नाही, सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) आहे, मग पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेशपरीक्षा) द्यावी लागेल का? एम.ए. राज्यशास्त्रात आहे, लोकप्रशासनाचा अर्ज स्वीकारतील का? लोकप्रशासनात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची बरीचशी उत्तरे नियमांत मिळतात. मात्र कागदोपत्री पात्र असलेल्या उमेदवारांचे गाडे अडते ते बहुधा टक्क्यांवर नव्हे, तर ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे अशा मार्गदर्शकांना आपलासा वाटेल असा नेमका संशोधनप्रश्न हाताशी नसतो म्हणून. त्यामुळे या लेखात सर्व टप्पे क्रमाने सांगितले असले, तरी विषय आणि मार्गदर्शक या दोन गोष्टींवर मुद्दाम अधिक वेळ घालवला आहे.

आधी हेतू तपासावा

प्राध्यापक व्हायचे म्हणून पीएच.डी. करणार असाल, तर एक बदल लक्षात घ्यावा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट (सेटचेच दुसरे नाव) ही किमान पात्रता ठरवण्यात आली असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. पुढच्या पदोन्नतीसाठी ती लागते आणि निवड समितीपुढे तिचे वजनही पडते, हे खरे. पण पहिल्या नोकरीचे दार केवळ पीएच.डी.ने उघडते ही समजूत आता सोडून द्यावी. शासकीय सेवेत असलेल्यांचा हेतू वेगळा असतो. त्यांना रोजच्या कामात दिसणाऱ्या एखाद्या दुखण्याचा मुळापासून अभ्यास करायचा असतो, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत चांगले प्रश्न अशाच उमेदवारांकडे असतात, मात्र वेळ सर्वांत कमी त्यांच्याकडेच असतो.

परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ‘डॉक्टर ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे डी.पी.ए., अशीही पदवी आढळते. ती प्रामुख्याने सेवेतील अधिकाऱ्यांसाठी आखलेली, व्यावहारिक प्रश्नांवर भर देणारी पदवी आहे, पीएच.डी.चा रोख सिद्धान्त आणि नव्या ज्ञानाच्या निर्मितीवर असतो. आपल्याकडच्या विद्यापीठांत प्रचलित पदवी पीएच.डी. हीच असल्याने पुढील सर्व विवेचन तिच्याविषयी आहे.

पात्रता

देशभरातील पीएच.डी. सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या विनियमांनुसार चालते. हे किमान निकष आहेत. विद्यापीठ त्यांत आपल्या परिनियमांनुसार भर घालू शकते, त्यामुळे आयोगाचे विनियम आणि आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक अशी दोन्ही कागदपत्रे समोर ठेवूनच वाचन करावे.

तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, अथवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी किंवा समतुल्य श्रेणीने उत्तीर्ण असणे, ही मूळ अट आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रिमीलेअर गटातील इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत मिळते. म्हणजे सुरुवातीच्या त्रेपन्न टक्क्यांच्या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराच्या प्रवर्गावर अवलंबून आहे. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्याला पदव्युत्तर पदवीशिवायही अर्ज करता येतो, आणि वरील प्रवर्गांना तेथेही ५ टक्क्यांची सवलत आहे. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पीएच.डी.पूर्वीची संशोधन पदवी बंद केली असली, तरी पूर्वी ती ५५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांची पात्रता अबाधित आहे.

राज्यशास्त्राच्या पदवीधारकांचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, कारण कोणता विषय संलग्न मानायचा हे विद्यापीठ ठरवते. महाराष्ट्रात लोकप्रशासन बव्हंशी राज्यशास्त्राच्या सोबतीने नांदते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासन असा एकत्र विभाग आहे, तर चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात किंवा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात लोकप्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: आपली पदव्युत्तर पदवी या विषयासाठी ग्राह्य आहे का, आणि अंतिम पदवी प्रमाणपत्रावर विषय म्हणून ‘लोकप्रशासन’ छापले जाईल की ‘राज्यशास्त्र’. दुसरा प्रश्न आज क्षुल्लक वाटतो, पण जाहिरातीत विषयाचे नाव नेमके दिलेले असते आणि छाननीच्या टेबलावर बसलेला माणूस अक्षरे जुळवून पाहतो.

प्रवेशपरीक्षा

प्रवेशाचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला नेटचा. लोकप्रशासन हा नेटमधला स्वतंत्र विषय असून त्याचा संकेतांक १४ आहे. पहिल्या पेपरमध्ये ५० प्रश्न व १०० गुण, दुसऱ्यात १०० प्रश्न व २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मार्च २०२४ मध्ये आयोगाने काढलेल्या सूचनेनुसार निकालाचे तीन गट पडतात. पहिल्या गटातील उमेदवार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणजेच जेआरएफ, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश या तिन्हींसाठी पात्र ठरतो. दुसऱ्या गटातील उमेदवार शेवटच्या दोहोंसाठी. तिसऱ्या गटातील केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी. जेआरएफधारकाचा प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. तिसऱ्या गटातील बरेच जण ही एका वर्षाची अट विसरतात. विद्यापीठाच्या प्रवेशाची जाहिरात लांबली, की गुणांची मुदत निघून जाते आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

दुसरा मार्ग विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेचा, जिला आपण सगळे पेट म्हणतो. विनियमांनुसार तिचा निम्मा अभ्यासक्रम संशोधनपद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. मुलाखतीला बोलावणे येण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना येथेही ५ टक्क्यांची सूट आहे. अंतिम गुणवत्ता यादीत परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. सेट उत्तीर्ण उमेदवाराला पेटमधून सूट आहे का, हे मात्र त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते, कारण आयोगाच्या विनियमांत राष्ट्रीय स्तरावरील परीक्षांचा उल्लेख आहे आणि सेट ही राज्यस्तरीय परीक्षा आहे.

परीक्षेच्या तयारीबद्दल एकच सांगतो. लोकप्रशासनाचे विद्यार्थी विषयाच्या भागात क्वचितच पडतात. नोकरशाहीचे प्रतिमान, तुलनात्मक प्रशासन, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती हे सारे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासामुळे तोंडपाठ असते. ते अडखळतात संशोधनपद्धतीत. गृहीतक म्हणजे काय, नमुनानिवडीचे प्रकार कोणते, विश्वसनीयता आणि वैधता यांत फरक काय, कोणत्या प्रकारच्या माहितीला कोणती सांख्यिकीय चाचणी लावायची, हे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. निम्मा पेपर यावर असताना तयारीचा निम्मा वेळही यावरच गेला पाहिजे.

मार्गदर्शक: खरी जागा इथे ठरते

विभागात जागा किती, याचा हिशेब मार्गदर्शकांवरून होतो. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. मार्गदर्शक होण्यासाठी पीएच.डी. बरोबरच प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकांचे किमान ५, आणि सहायक प्राध्यापकांचे किमान ३ शोधनिबंध समीक्षित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले असावे लागतात. ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवे संशोधक घेता येत नाहीत. म्हणजे चार शिक्षकांचा विभाग दिसायला भरलेला असला, तरी त्यातले एक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि दोघांचा कोटा पूर्ण असेल, तर प्रत्यक्षात दार एकाच मार्गदर्शकाचे उघडे असते, आणि त्यांचा अभ्यास स्थानिक स्वराज्य संस्थांचा असताना आपण सार्वजनिक वित्तावरचा प्रस्ताव घेऊन गेलो, तर मुलाखत कितीही चांगली झाली तरी जमणे कठीण.

हे सारे आधीच तपासता येते. आपल्याकडे कोण संशोधन करत आहे, कोणत्या विषयावर, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, याची वर्षवार यादी संकेतस्थळावर ठेवणे विद्यापीठांना बंधनकारक आहे. ती यादी काढावी, प्रत्येक मार्गदर्शकापुढे चालू संशोधकांची संख्या लिहावी, मग शोधगंगेवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे पूर्ण झालेले प्रबंध चाळावेत. शोधगंगा हे देशातील प्रबंधांचे भांडार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालवले जाते आणि कोणालाही विनामूल्य वाचता येते. दोन-तीन प्रबंधांची पहिली दोन प्रकरणे वाचली, की मार्गदर्शकांचा पिंड कळतो: ते आकडेवारीचे आग्रही आहेत की मुलाखतींचे, कायद्याच्या अंगाने जातात की लोकांच्या अनुभवाच्या.

यानंतरच भेट मागावी. ‘सर, मला पीएच.डी. करायची आहे, विषय तुम्हीच सुचवा’ या वाक्याने सुरू झालेली भेट बहुधा चहापाशीच संपते. त्याऐवजी एका पानाचे टिपण सोबत न्यावे आणि ‘मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने ग्रामसभेतील उपस्थितीवर काम केले आहे, मला त्याच तालुक्यात ठरावांच्या अंमलबजावणीचा माग काढायचा आहे’ असे सांगावे. नकार मिळाला तरी विषयात काय उणे आहे ते कळते, आणि तेवढ्यासाठीही ती खेप वाया जात नाही.

विषयाचा प्रश्न कसा होतो

‘महाराष्ट्रातील ई-प्रशासन: एक चिकित्सक अभ्यास’ असे शीर्षक घेऊन आलेला उमेदवार दरवर्षी भेटतो. हा विषय नव्हे, हे तर अख्खे कपाट आहे. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो की कोणती सेवा, कोणते कार्यालय, कोणत्या वर्षापासून. आणि उमेदवार ‘सर्वच’ म्हणाला की तज्ज्ञ पुढच्या अर्जाकडे वळतात.

हेच शीर्षक कसे लहान करत न्यायचे ते पाहू. सेवा म्हटली की महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आठवतो. त्यात अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देण्याची जबाबदारी पदनिर्देशित अधिकाऱ्यावर आहे. सेवा वेळेत मिळाली नाही अथवा नाकारली गेली, तर अर्जदाराला पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट उपलब्ध आहे. आता एकच सेवा निवडू, उत्पन्नाचा दाखला. एकच जिल्हा निवडू, त्यातले दोन तालुके घेऊ, एक शहरालगतचा आणि एक दुर्गम. मग प्रश्न असा होतो: दाखल्याची मुदत उलटून गेल्यावर अर्जदार अपील करतो की पुन्हा खिडकीवर खेटे घालतो, आणि हा निर्णय कशावर ठरतो? अपिलाच्या हक्काची माहिती नसणे, पुढे त्याच कार्यालयात काम पडेल ही भीती, मध्यस्थाची सोय की महाविद्यालयाच्या प्रवेशाची घाई? इथे तपासता येतील अशी गृहीतके आहेत, मोजता येईल असे काहीतरी आहे आणि भेटता येतील अशी माणसे आहेत. कपाटातून एक फाईल बाहेर आली.

माहिती मिळेल का, हेही नोंदणीपूर्वीच तपासावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे लोकप्रशासनाच्या संशोधकाचे रोजचे हत्यार आहे: शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. पण ते चालवण्याची रीत आहे. ‘दाखल्यांना विलंब होण्याची कारणे कळवावीत’ असा अर्ज केला, तर कारणे ही अभिलेखात नसतात म्हणून अर्ज परत येतो. ‘अमुक महिन्यात प्राप्त झालेल्या व निकाली काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यांच्या अर्जांची दिनांकनिहाय यादी आणि पहिल्या अपिलांच्या नोंदवहीची प्रत द्यावी’ असे मागितले, तर कागद द्यावा लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे जिल्ह्यातील दहा कार्यालयांना एकच सुटसुटीत मजकूर पाठवणे सोयीचे पडते. नोंदणीच्या आधी निदान एका कार्यालयावर हा प्रयोग करून पाहावा. मिळालेल्या नोंदवहीत तारखांचे रकानेच कोरे असतील, तर प्रश्न बदलण्याची वेळ तीन वर्षांनी नव्हे, आत्ताच आलेली बरी.

सेवेत असलेल्या संशोधकांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आपलेच कार्यालय अभ्यासाला घेण्याचा मोह मोठा असतो, कारण दप्तर हाताशी असते. परंतु अव्वल कारकुनाला नायब तहसीलदारसाहेबांनीच प्रश्नावली भरायला दिली, तर तो साहेबांना आवडेल तेच लिहिणार. अशा उत्तरांना माहिती म्हणता येत नाही. शेजारचा तालुका निवडावा आणि जे कागद केवळ पदामुळे पाहायला मिळतात ते प्रबंधात वापरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

मुलाखत, कागदपत्रे आणि नोंदणी

मुलाखतीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: उमेदवाराकडे संशोधनाची कुवत आहे का, सुचवलेले काम त्या संस्थेत होऊ शकते का, आणि त्यातून ज्ञानात काही भर पडेल का. आराखड्यात प्रश्न, आजवरच्या संशोधनाचा आढावा, त्यात राहिलेली जागा, उद्दिष्टे, पद्धती आणि वेळापत्रक एवढे असले की पुरे. आढाव्यात नुसती नावे रचू नयेत. प्रत्येक संशोधकाने काय सोडून दिले ते एकेका वाक्यात लिहावे. दुसऱ्या कोणी हाच विषय नोंदवला आहे का, हे शोधगंगोत्रीवर पाहता येते, कारण तेथे चालू संशोधनाचे आराखडे ठेवले जातात.

अर्धवेळ पीएच.डी.ला विनियमांची मान्यता आहे, पण नोकरदाराला ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तीन विधाने असावी लागतात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देण्याजोगे आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क, म्हणजे प्रवेशानंतरचा ठरावीक अभ्यासक्रम, पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केले जाईल. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे पत्र आणणारे छाननीत अडकतात. मसुदा स्वतः टंकून वरिष्ठांकडे नेला, तर सगळ्यांचेच काम हलके होते. अर्धवेळ म्हणजे दूरस्थ नव्हे, हेही पक्के ध्यानात ठेवावे. घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी. मिळवून देण्याच्या जाहिरातींना भुलू नये, असा जाहीर इशारा आयोगानेच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेसोबत (एआयसीटीई) ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता.

बाकी कागदपत्रे नेहमीचीच: गुणपत्रके, स्थलांतर प्रमाणपत्र, जातीचे व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मुलाखतीच्या दिवशी चालू आहे ना, एवढे पाहून ठेवावे.

पैशाचा विचार याच टप्प्यावर व्हावा. जेआरएफधारकाला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा व कुणबी-मराठा समाजासाठी सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती पीएच.डी.च्या नोंदणीनंतर उपयोगी पडतात, म्हणून नोंदणीचे पत्र हाती येताच त्याच्या साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात.

कोर्सवर्क आणि पुढची वर्षे

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) कोर्सवर्क असते. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र हे दोन अभ्यासक्रम ठरलेले, आणि कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोर्सवर्क उरकण्याची बाब नाही. प्रश्नावलीचा कच्चा खर्डा, पंचवीसेक जणांवर त्याची चाचणी, संख्याशास्त्राच्या आज्ञावलीचा सराव, हे सर्व या काळात झाले तर पुढचे एक वर्ष वाचते.

प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. अर्धवेळ संशोधक ही सादरीकरणे चुकवतात आणि मग नोंदणी रद्द होण्याची नोटीस हाती येते. पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क धरून ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात, म्हणजे एकूण ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची मुभा आहे. त्यांची अंतिम मर्यादा १० वर्षे. महिला संशोधकांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते, आणि लग्न किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले तर अटी पाळून संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते.

शोधनिबंध प्रसिद्ध करण्याबाबत बराच गोंधळ आहे. २०१६ च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे सक्तीची होती. २०२२ च्या विनियमांत ही सक्ती उरलेली नाही. तरीही काही विद्यापीठांनी आपल्या नियमांत ती ठेवली असू शकते. सक्ती नसली तरी एक निबंध चांगल्या नियतकालिकाकडे जरूर पाठवावा. भारतीय लोकप्रशासन संस्थेचे इंग्रजी त्रैमासिक १९५५ पासून निघत आहे; तेथे नाकारला गेलेला निबंधही परीक्षकांच्या शेऱ्यांमुळे प्रबंधाच्या कामी येतो. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये.

प्रबंध सादर करताना

महाराष्ट्रातील विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांचा प्रबंध मराठीतून लिहिता येतो, आणि या विषयात मला तो रस्ता योग्यच वाटतो. शासकीय दप्तर मराठीत, मुलाखती मराठीत, तर विश्लेषणाने परकी वाट का धरावी? फक्त टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करावे. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर साम्य तपासणाऱ्या आज्ञावलीला वाचताच येत नाही आणि चारशे पाने रूपांतरित करताना जोडाक्षरांची जी मोडतोड होते, ती निस्तरण्यात महिने जातात.

वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे विनियम लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास ६ महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध सादर करण्यास बंदी. आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि कायद्यांचा मजकूर या मोजणीतून वगळला जातो. आपल्या विषयात अधिनियमांची कलमे जशीच्या तशी द्यावी लागतात, त्यामुळे अहवाल आल्यावर ती वगळली गेली आहेत का, हे ग्रंथालयात बसून स्वतः पाहावे.

सल्लागार समितीपुढे पूर्वसादरीकरण झाले, सुचवलेल्या दुरुस्त्या केल्या, की प्रबंध मार्गदर्शकांसह किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एका परीक्षकाने नाकारल्यास तो पर्यायी परीक्षकाकडे पाठवतात आणि त्यांनी शिफारस केली तरच मौखिक परीक्षा होते. प्रबंध सादर केल्यापासून ६ महिन्यांत ही सारी प्रक्रिया पूर्ण करणे विद्यापीठावर बंधनकारक आहे, म्हणून सादर केल्याची दिनांकित पोच जपून ठेवावी.

मौखिक परीक्षा खुली असते. शिक्षक, इतर संशोधक आणि विद्यार्थी तिला बसू शकतात, आणि ती ऑनलाइनही घेता येते. तेथे निष्कर्षांपेक्षा पद्धतीवर अधिक विचारले जाते. हेच दोन तालुके का? मुलाखतीला नकार देणाऱ्यांचे काय केले? निष्कर्ष दुसऱ्या जिल्ह्याला लागू पडतील का? शेवटच्या प्रश्नाला ‘पडतील असे मला सिद्ध करता येणार नाही, कारण माझा नमुना इतकाच आहे’ हे उत्तर देताना संशोधक कचरतात, पण परीक्षकांना तेच ऐकायचे असते.

निकाल लागल्यावर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभात मिळेल; त्याआधी तात्पुरते प्रमाणपत्र घ्यावे आणि ही पदवी आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार देण्यात आली आहे, असा उल्लेख त्यावर आहे ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वीच वाचून पाहावे.